न खाल्लेल्या अंड्याचा वास

मुरुमच्या ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी हायड्रोजन सल्फाइडचा धडा आला की फळ्यावर सूत्र लिहायचं आणि वर्गाकडे वळून सांगायचं, 'सडक्या अंड्यासारखा वास.' मुलं नाकं धरतात, मागच्या बाकावरून कुणीतरी शेजाऱ्याकडे बोट दाखवतं, वर्ग हसतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी लोह सल्फाइडच्या खड्यांवर सौम्य आम्ल टाकलं की सगळा मजला घमघमतो आणि प्राचार्य शिपायाला पाठवून खिडक्या उघडायला लावतात. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला विचारलं नाही की मॅडम, सडकं अंडं तुम्ही कुठं हुंगलं? विचारलं असतं तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं. मास्तरकीत एवढी सोय असते.

आमचं घर गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं. अंडं, मासा, मटण यांचं नावही स्वयंपाकघरात काढायचं नाही. माहेरीही तेच. तेव्हा सडकं सोडाच, ताजं अंडंसुद्धा माझ्या नाकाजवळ कधी आलेलं नव्हतं. पण हे माझ्या लक्षात यायला जे घडावं लागलं, ते आठवलं की आजही माझीच मला चीड येते.

घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, माझे मालक, मी, धाकटा दीर, आणि त्याची बायको, माझी जाऊ. जाऊ सास्तूरची. लग्नाला तीन वर्षं झालेली, शिक्षण बारावीपर्यंत, स्वभावानं गरीब. गरीब म्हणजे आमच्याकडे जिला काहीही सांगता येतं ती. पहाटे उठून धारा काढण्यापासून भांडी पालथी घालेपर्यंतचं काम तिचं, आणि मी नोकरीवाली म्हणून माझ्या वाट्याला वरणाला फोडणी देणं आणि मतं देणं एवढंच असे. मतं मी भरपूर देत असे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला ढेकर यायला लागले. साधे नव्हेत. भाकरी थापताना तोंडाला पदर लावायची, पण चुलीचा धूरही तो वास झाकू शकत नव्हता. पोट सारखं डबडबलेलं, मधूनच पातळ परसाकडला व्हायचं. दोन महिन्यांत ती वाळून गेली. आमच्या घरात कुणी वाळलं की त्याला 'कामानं अंग हलकं झालं' म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे काळजी करायची गरज पडली नाही.

वासाची काळजी मात्र सगळ्यांना पडली. एका सकाळी आत्याबाईंनी मला कॉलेजला निघताना अडवलं.

"तू तिथं वासाचंच शिकवतीस म्हणं," त्या म्हणाल्या. "मग हिचा वास घे आन् सांग काय हाय ते."

जाऊ चुलीपुढं बसली होती, हाताला पीठ. आत्याबाई दारात. दोघे भाऊ चहाचे कप घेऊन ओसरीवर, कान इकडेच. मला काय वाटलं असेल? लाज वाटायला हवी होती. एका बाईच्या तोंडाला दुसऱ्या बाईनं नाक लावून पंचनामा करायचा, आणि तोही माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. पंधरा वर्षांत या घरानं माझ्या रसायनशास्त्राला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. मी पर्स खाली ठेवली, वाकले, वास घेतला. लगेच ओळखला. प्रयोगशाळेतला तोच.

"अंड्याचा आहे," मी म्हणाले. "यात शंकाच नाही."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

पुढचं सगळं फार झपाट्यानं झालं. हिनं अंडं खाल्लं. कुठं खाल्लं? कुणाकडं खाल्लं? कधीपासून खाती? आत्याबाईंनी तिचं ताट वेगळं केलं, चुलीपासून उठवलं, देवघराचा उंबरा ओलांडायचा नाही म्हणाल्या. भाकऱ्या माझ्या गळ्यात पडल्या, तेव्हा मला निकाल थोडा घाईचा झाला असं वाटलं. तेही भाकऱ्यांमुळं, तिच्यामुळं नव्हे.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी देवघरातून बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा आणून पाटावर ठेवला. आमच्याकडे बेलभंडारा उचलून जे बोलशील ते खरं. त्यापुढं कोर्टकचेरी नाही.

"उचल," त्या म्हणाल्या. "न्हाय खाल्लं म्हण. म्या सगळं विसरते."

जाऊ पाटापुढं बसली. हात पुढं केला. पानाच्या बोटभर अलीकडे तो थांबला, आणि तिनं मागं घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं तेवढंच.

मग काय उरलं? देवासमोर हात मागं घेतला, म्हणजे खाल्लंच. मीसुद्धा मनात म्हणाले, बघा, माझा निष्कर्ष बरोबर निघाला. दिरानं दुसऱ्या दिवशी तिला मोटारसायकलवर बसवून सास्तूरला नेऊन सोडलं. 'मन ठिकाणावर येईपर्यंत राहू द्या,' असं तिच्या आईबापाला सांगून आला. कुणाचं मन, ते सांगितलं नाही. आठ दिवसांत आत्याबाईंच्या तोंडी 'दुसरं बघावं लागतंय का काय' अशी भाषा आली, आणि दीर मोबाइलमध्ये डोकं घालून ऐकत राहिला.

असे चार महिने गेले.

आमच्या प्रयोगशाळेत एक सहायक बाई आहेत, मुसलमान, वयानं माझ्याहून मोठ्या. सगळं कॉलेज त्यांना आपा म्हणतं. परीक्षानळ्या त्यांच्या हातून कधी फुटत नाहीत आणि प्राध्यापकांच्या हातून फुटलेल्या त्या मोजून ठेवतात. एके दिवशी प्रात्यक्षिक चालू असताना तो वास सुटला आणि मी, कोण जाणे का, त्यांना घरची हकिकत सांगितली. सांगितली म्हणजे अशी, की आमच्या नाकाची परीक्षा कशी लागली आणि ते कसं उत्तीर्ण झालं.

आपा आधी हसल्या. मग थांबल्या.

"मॅडम, तुमी अंडं हुंगलंय कधी?"

"मी कशाला हुंगू?"

"मग वळखलं कसं?"

मी खड्यांच्या बरणीकडे बोट दाखवलं. आपांनी कपाळाला हात लावला.

"या अल्ला! मॅडम, ह्यो वास सडक्या अंड्याचा. सडकं अंडं कोण खातंय? आमच्या घरात रोज अंडी शिजतात, खाऊन कुणाला असला ढेकर येत न्हाय. आन् आला, तर त्याचं पोट बिघडलंय म्हणून आमी डाक्टरकडं नेतो. माहेरी न्हाय पाठवत."

त्या आत गेल्या आणि आपला डबा घेऊन आल्या. उकडलेलं अंडं, वर मीठ-तिखट. डबा त्यांनी लांबच धरला, माझा धर्म सांभाळून. "निस्ता वास घ्या," म्हणाल्या.

वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई मी, पहिल्यांदा अंड्याचा वास घेत होते. कसलाच म्हणावा असा वास नव्हता. गरम भांड्याचा, थोडा मिठाचा. त्या ढेकराशी त्याचं सुतराम नातं नव्हतं. मी स्टुलावर बसले.

घरी आल्यावर मालकांना एकटं गाठलं.

"तुम्ही अंडं खाल्लंय ना कधी?"

ते पेपराआड गेले. "कालिजात असताना. कधीमधी."

"आणि धाकट्यानं?"

"तो ढाब्यावर खातो की. आमलेट."

"त्याला असा ढेकर येतो?"

"न्हाय."

"मग त्या दिवशी ओसरीवर दोघं बसला होता, तोंड का नाही उघडलं?"

"आईसमोर काय सांगू? मला ठाऊक हाय म्हणून?"

धन्य ती दोन रत्नं! ज्यांनी अंडी खाल्ली ते ओसरीवर चहा पीत बसले, आणि जिनं खाल्लं नाही ती माहेरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणतात, आमच्याकडे तर चोरांनी फाशी बघितली आणि कप खाली ठेवून अंघोळीला गेले. त्यांना काय बोलावं ते मी बोलले, इथं लिहीत नाही. पण बोलता बोलता मला आठवत होतं की निकाल देणारी मीच होते.

मग मी वाचायला बसले. जे आधी करायचं ते शेवटी करायची शिकलेल्या माणसांना सवयच असते. आणि जे वाचलं त्यानं माझी उरलीसुरली घमेंड उतरली. हा वायू काही बाटलीतच तयार होतो असं नाही. तो माणसाच्या अंगात तयार होतो, रोज, सगळ्यांच्या. आत्याबाईंच्या, मठातल्या स्वामींच्या, माझ्याही. डाळीत, दुधात गंधक असलेली प्रथिनं असतात; त्यांच्यातूनच शरीर थेंब थेंब हा वायू बनवतं आणि त्यानं रक्तवाहिन्या सैल ठेवतं. तो बनवणाऱ्या विकरांना हाताशी ब-सहा जीवनसत्त्व लागतं. जास्त झाला तर जाळून टाकायला ब-दोन लागतं, लोह लागतं, आणि अगदी शेवटच्या पायरीला मॉलिब्डेनम नावाचा धातू, जो आपल्या डाळीत कणभर असतो. ब-बारा आणि फोलेट कमी पडलं की गंधकाच्या या सगळ्या रहाटगाडग्यात मध्येच एक पदार्थ तुंबून बसतो. नेमकं काय बिघडतं यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत, आणि ते तसं कबूल करतात. मला ते कबूल करणं फार मोठं वाटलं.

ढेकराचा वास मात्र बहुतेक या कारखान्याचा नसतो. तो आतड्यातल्या जंतूंचा. पोटात नको ते जंतू वाढले की ते अन्नातलं गंधक खाऊन हा वायू सोडतात, आणि घेतलेलं ब-बारा अंगी लागू देत नाहीत. म्हणजे वास येणारं माणूस काही चोरून खात नसतं. उलट खाल्लेलंही त्याच्यापर्यंत पोचत नसतं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून सास्तूर गाठलं.

भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या, रुंद रस्त्यांच्या त्या गावात तिच्या बापाचं पत्र्याचं घर आहे. जाऊ दारात दाणे निवडत होती. मला बघून उठली, पदर सावरला, आणि चार पावलं आली तेवढ्यात एक चप्पल मागंच राहिली. तिला ते कळलंच नाही. एका पायात चप्पल, दुसरा उघडा, तशी माझ्या पाया पडायला वाकली.

"चप्पल निसटली तुझी," मी म्हणाले.

"व्हय का? हल्ली कळत न्हाय, अक्का. पायाला मुंग्या असत्यात सारख्या."

जीभ बघितली तर लाल, गुळगुळीत. ओठांचे कोपरे फाटलेले. मी तिच्या आईला म्हणाले, हिला उमरग्याला डॉक्टरकडे नेते. आईनं माझ्याकडं असं बघितलं की आता आणखी काय न्यायचं राहिलंय. तरी पाठवलं.

डॉक्टर मध्यमवयीन, तुटक बोलणारे. पिण्याच्या पाण्याचं विचारलं, परसाकडचं विचारलं, रक्त आणि शौच तपासायला दिलं. मग नादकाटा हातावर आपटून तिच्या पायाच्या अंगठ्याला लावला.

"थरथरतंय?"

"न्हाय."

घोट्याला लावला. "आता?"

"जरासं."

दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊन आम्ही दोघी पुन्हा त्यांच्यासमोर. पोटात जिआर्डिया नावाचे जंतू, घाण पाण्यातून आलेले. वास त्यांचा. ब-बारा मात्र तळाला गेलेलं, नुसत्या जंतूंनी जाईल त्याहून खाली.

"मांसाहार नाही ना? मग दूध तरी घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेते की," तिच्याआधी मीच उत्तर दिलं. मतं द्यायची खोड. "आमच्या घरी दोन म्हशी आहेत. तिच्या माहेरीही गाय आहे."

"न्हाय," जाऊ म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"चार महिनं झालं, दूध, दही, ताक काहीच घेत न्हाय."

"का?" डॉक्टर.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या पोटात अंडं गेलं व्हतं. शेजारच्या लेकराच्या वाढदिवसाला केक खाल्ला व्हता म्या, त्यातनंच गेलं असंल. मला ठाऊक नव्हतं. पण देवासमोर खोटं कसं बोलू? म्हणून भंडारा उचलला न्हाय. आन् मग पाप फिटावं म्हणून दूधदुभतं सोडलं. तेवढंच मला आवडायचं."

"अंडं गेलं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या घरात एक लई शिकलेलं माणूस हाय," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. "त्यांनी वास घेऊन सांगितलं."

डॉक्टर हसले. "असला वास अंडं खाऊन येत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. कोण हो हे शिकलेलं माणूस?"

जाऊची मान खाली. ती मला झाकत होती. चार महिने उष्ट्या ताटासारखी बाजूला पडलेली पोर मला झाकत होती.

"मीच," मी म्हणाले. "रसायनशास्त्र शिकवते."

डॉक्टरांचं हसू मावळलं. ते चिठ्ठी लिहायला लागले. जंतूंचं औषध, ब-बाराची इंजेक्शनं, आणि आजपासून रोज दूध-दही. मुंग्या जातील म्हणाले. पायाची संवेदना किती परत येईल ते आताच सांगता येणार नाही. चार महिने आधी आला असता तर सांगता आलं असतं.

पहिलं इंजेक्शन तिथंच दिलं. बाहेर उमरग्याच्या स्टँडसमोर हॉटेल आहे. मी तिला बाकावर बसवलं आणि गरम दूध सांगितलं. ग्लास आला, साय धरलेला. तिनं तो बघितला, हात लावला नाही.

"पी," मी म्हणाले. "तू काही चोरून खाल्लं नव्हतंस. मीच चुकले. फार चुकले."

"तुमी मला सांगितलं, अक्का. पण तिथं समद्यांसमोर मला खोटी ठरवली." तिचा आवाज कधी नव्हता एवढा ठाम होता. "पहिलं आत्याबाईंना सांगा. मग पिते."

माझ्या मनात आलं, घरी जाऊन नीट सांगू, वेळ बघून, मालकांना पुढं करून. आम्हा शिकलेल्यांना माघार घ्यायलाही मुहूर्त लागतो. पण दुधावर साय दाट होत चालली होती आणि ती पोर हटेना. मी फोन लावला आणि तिला ऐकू येईल असा स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आत्याबाई, मी उमरग्याहून बोलते. धाकटीनं चोरून अंडं खाल्लेलं नाही. तिला पोटाचा आजार होता, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. अंड्याचा वास कसा असतो ते मला ठाऊकच नव्हतं. जन्मात कधी घेतला नव्हता."

पलीकडे म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. मला वाटलं, आता ओरडतील, शिकलेल्यांचा उद्धार करतील, आणि तेच बरं, मग मलाही दोन शब्द सुनावता येतील.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. अक्षर न वाचता येणारी ती बाई शांतपणे म्हणाली, "मला तर ठाऊक नव्हतंच, बाई. म्हणून तुला इचारलं. तुलाबी ठाऊक नव्हतं, तर न्हाय ठाऊक म्हणायचं की. तेवढं म्हणायला काय जात व्हतं तुझं?"

समोर जाऊनं ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला.